कोरड्या उन्हाळ्यातलं विमान

तान्हा योस्त दूध पिऊन पेंगला की लिडविनला थोडी उसंत मिळायची. तेवढ्यात ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसे. महायुद्धात, चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, हॉलंडमधल्या वाल नदीच्या या पट्ट्यात इंग्रजांची काही ग्लायडरं भरकटून उतरली होती. ओढणाऱ्या विमानाचा दोर सुटला की नुसत्या वाऱ्यावर तरंगत येणारी, इंजिन नसलेली लाकडी विमानं. कुठलं कुणाच्या शेतात पडलं, त्यातलं कोण वाचलं, कोण कैदेत गेलं, कोण कुठल्या चर्चमागे पुरलं गेलं, हे तिने सायकलवर गावोगाव फिरून शोधलं होतं. एकाच ग्लायडरची नेमकी जागा आणि त्यातली माणसं सापडत नव्हती. आणि त्याच एकाची फळी त्यांच्याच कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकलेली होती.

"ती होय? बाजारातून आणली असेल," तिचे सासरे एव्हर्ट म्हणाले.

"बाबा, तिच्यावर इंग्रज लष्कराचा शिक्का आहे, त्या विमानाचा क्रमांकही."

"मग इंग्रजांनी आणली असेल बाजारातून." आणि एव्हर्ट पाइपात तंबाखू दाबत बसले.

गावात कुजबूज जुनीच होती. पाववाली तर तोंडावर म्हणायची, "त्या विमानातली माणसं कुठे गेली ते तुझ्या आजेसासऱ्यालाच ठाऊक. मेला बिचारा तोंड मिटून."

त्या वर्षी, शहात्तर साली, पाऊस पडलाच नाही. गवत वाळून पिवळं पडलं, गाईंना विहिरीचं पाणी पाजावं लागलं. आणि एव्हर्टनी एक नवंच टुमणं लावलं.

"पोराचा पाळणा मागच्या खोलीत हलव."

"मागे ओल आहे, बाबा."

"या उन्हाळ्यात? ओल?"

"मग पुढच्या खोलीचं काय वाईट आहे?"

ते गोठ्याकडे निघून गेले. लिडविनच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या खोलीत यांना कुणी नको आहे. का? तिथल्या जमिनीखाली काही आहे का? सासरे बाजाराला गेले तसा तिने पाळणा ओढला, पहारीने दोन फळ्या उचकटल्या. खाली नदीची वाळू होती. स्वच्छ, कोरडी.

तरी संशय जाईना. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावरून आपलं शेत पुरं दिसतं, हे तिला आठवलं. योस्तला पाववालीकडे ठेवून ती वर चढली.

उन्हाने करपलेल्या कुरणात एक हिरवी आकृती होती. दोन लांब पंख, जाड पोट, शेपटी. जमीन एकदा खोल खरवडली गेली की तिथे ओल टिकते, हे तिला माहीत होतं. सापडलं!

मग तिने विमानाचं नाक कुठे वळलंय ते पाहिलं. समोर तिचं घर होतं. पुढच्या खोलीची खिडकी, तिनेच शिवलेला निळा पडदा.

एव्हर्ट गोठ्यात दूध काढत होते. तिने विचारलं, तेव्हा त्यांनी बादली बाजूला सारली.

"उतरलं ते इथे नाही. बांधापलीकडे, विलोच्या झाडांच्या रांगेमागे. मी बापाबरोबर धावत गेलो. दार आतून बंद. सगळे पट्टे आवळलेले, बक्कलं लागलेली. आत माणूस नाही. जर्मनांनी बापाला मारमार मारलं, सांग कुठे लपवलीस. नंतर गावाने जन्मभर विचारलं, सांग कुठे पुरलीस."

"पण खूण तर बांधाच्या अलीकडे आहे."

"सत्तेचाळीसला पाऊस नव्हता, तेव्हा ती बांधावर उमटली. एकोणसाठला पेअरच्या झाडांपाशी. आता त्यांच्याही पुढे, घराकडे."

"म्हणजे सरकतंय?" ती हसली. "बाबा, मला काय खुळी समजता?"

एव्हर्ट हसले नाहीत. "सरकत नाही गं, पोरी. उतरतंय अजून."

म्हातारा काहीतरी झाकतोय, याची तिला आता खात्रीच पटली. तरी पाळणा मात्र तिने त्याच संध्याकाळी हलवला.

सप्टेंबरात धो धो पाऊस आला. कुरण हिरवंगार झालं आणि खूण त्यात बुडून गेली. नवरा, बारेंट, पोट धरून हसला. "बाबांनी तुला बरं गुंडाळलं! आण तो पाळणा पुढे. तिथे सकाळचं ऊन येतं."

तिने पाळणा पुढे आणला. ऊन खरंच छान येत होतं. योस्त त्यात हातपाय उडवत खेळला आणि खेळता खेळता झोपला. त्याच्या कपाळावरचा घाम टिपून, खिडकी उघडी ठेवून लिडविन लंगोट वाळत घालायला बाहेर आली. घराजवळच्या पेअरच्या झाडापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत दोरी बांधलेली होती.

वारा नव्हता. धुराड्यातला धूर सरळ वर जात होता.

झाडाकडचा लंगोट एकदम आडवा झाला, आणि पुन्हा लोंबला.

मग त्याच्या शेजारचा.

मग पुढचा.

आवाज कसलाच नव्हता. कोंबड्या जमिनीला चिकटून बसल्या होत्या.

योस्तच्या उघड्या खिडकीजवळचा शेवटचा लंगोट उचलला गेला. आडवा झाला.

तो खाली आला नाही.