निळ्या काड्यांचं भांडं

काम तसं साधंच होतं. ताई गेली आणि तिने स्वतः ओढलेल्या निळ्या काचेच्या काड्या मागे उरल्या. भावोजींना त्या काड्यांचं एक भांडं हवं होतं. ते तडकलं, तर तो निळा रंग पुन्हा मिळणार नव्हता.

मेणाचं भांडं घडवलं, त्यावर प्लास्टर ओतलं, वाफेने मेण वितळवून काढलं. मग साच्याच्या पोकळीत चिमट्याने काड्यांचे तुकडे एकेक करून लावले. ताईच्या आवडीची, लव्हाळ्याची नक्षी. वर बिनरंगी काचेचा चुरा भरला आणि तो नीट बसावा म्हणून तिच्यासारखीच नखाने साच्यावर टकटक करत राहिले. भट्टीत काच वितळली. आता कित्येक दिवस भट्टी हळूहळू निवू द्यायची, दार उघडायचं नाही. ताई मला उतावळी म्हणायची ती यावरूनच. घाईपायी मी किती नग फोडलेत, त्याला गणती नाही.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी भावोजी आले. माझा पाय एका जागी ठरत नव्हता. भट्टीतून आवाज येत होता. टक. टक टक.

"काच तडकतेय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तडकली तर अशी थांबून थांबून वाजत नाही."

त्यांनी दाराजवळ कान नेला. चेहरा पांढरा पडला.

"हे तिचं नख आहे... उतावळे, दार उघड."

"भांडं जाईल, भावोजी."

"जाऊ दे भांडं..."

मी दारापुढे उभी राहिले. रडू येत होतं, तरी हटले नाही. ताईनेच तर हे शिकवलं होतं. टकटक घाईघाईची झाली, मग खरवडल्यासारखी, आणि उन्हं उतरली तशी थांबली. भावोजी निघून गेले.

भट्टी निवल्यावर प्लास्टर फोडलं. भांडं अखंड होतं, केसाएवढाही तडा नाही. पण लव्हाळ्याच्या मधोमध चार रेघा होत्या, बोटांनी ओढल्यासारख्या. आतून, बाहेरून हात फिरवला. काच दोन्हीकडून गुळगुळीत लागली. रेघा काचेच्या जाडीत होत्या.

भावोजींनी भांडं नेलं नाही. ते माझ्या खिडकीत असतं. मी ते पुसते, ठेवते, पुन्हा उचलते. दार उघडायला हवं होतं का, हा विचार पाठ सोडत नाही.

आज सकाळी पुसताना पाहिलं. चार रेघांच्या जरा खाली आता अंगठाही उमटलाय.