नागपूरच्या उन्हात शाल

प्रयोगशाळेत गारवा होता, तरी डॉ. केतकी भोयरचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नागपूरचा मे महिना, आणि तिच्या नवऱ्याने, हेमराजने, सकाळी पुन्हा कूलर बंद केला होता! अंगावर शाल, मांडीवर खिदळणारी आठ महिन्यांची रेवा. "थंडी वाजते गं," म्हणाला. "सोंगं पुरे तुझी," असं बोलून ती निघाली होती. ते शब्द आता उगाच टोचत होते.

समोर टेबलावरचा पाण्याने भरलेला तांब्या, कुणाचाही हात न लागता, वीतभर वर उचलला गेला. थरथरला, आणि अलगद खाली बसला.

"झालं समाधान?" द्वारकाबाईंनी विचारलं. सातपुड्यातल्या एका दरीत, कुठल्याच नकाशात नसलेली त्यांची वस्ती. उपग्रहाने ती टिपली, तेव्हा तुमची माणसं तिथे येण्यापेक्षा मीच येते, म्हणून त्या आपणहून आल्या होत्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वझलवार नाचायचेच बाकी होते. "फुकटची ऊर्जा! बाई, इतकी वर्षं लपून काहून राहिलात? लोक मारतील म्हणून?"

"तुम्ही काय मारता, बापा! आधी सदऱ्याचं बटण तर लावून दाखवा."

वझलवार हसत बटणाशी झटू लागले. बोटं बधिर झाली होती. बटण काही काजात जाईना.

केतकीने तांब्याला हात लावला. मघाचं गार पाणी कोमट झालं होतं.

"सर, फुकट काहीच नसतं," ती म्हणाली. अंगातली ऊब रंगांत दाखवणारा ऊष्मादर्शक कॅमेरा तिने तांब्यावरून माणसांकडे वळवला आणि स्वतःही वझलवारांशेजारी उभी राहिली. "बाई, पुन्हा एकदा उचला. जरासाच."

तांब्या हलला. पडद्यावरच्या वझलवारांच्या तांबड्या आकृतीत बोटांपासून निळा रंग चढू लागला.

"ऊष्मा-उपसा!" केतकी पुटपुटली. "तांब्या उचलायला ऊब लागते चिमूटभर, पण जवळच्या माणसातून उपसली जाते घागरभर. उरलेली त्या वस्तूतच मुरते."

"मग तुमच्या वस्तीत सगळे गारठून कसे जात नाहीत?" वझलवारांनी हात चोळत विचारलं.

"आमच्या अंगाला जन्मतःच झाकण असते. एकमेकातलं काढता येत नाही. तुम्ही मात्र उघड्या विहिरी." द्वारकाबाईंनी तांब्या दूर सारला. "मोठ्यांना आवरता येते. पण लेकराला काय कळते? ते हसते, खेळते, अन् ज्याच्या मांडीवर असते तोच गारठते. माझा धनी तुमच्यातला होता. पोराच्या खेळापायी गेला. आम्ही तुम्हाला भिऊन लपत नाही, बापा. तुमच्यासाठी भितो."

वझलवार पडद्याकडे बघत होते.

"केतकी," ते हळूच म्हणाले, "तुझा रंग बदललाच नाही."

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "माय, तुझ्या घरी लेकरू आहे काय?"

"पण मी आयुष्यात टाचणीसुद्धा हलवली नाही!"

"आमच्या रक्तातल्या एखाद्यात नुसतं झाकणच येते. बाकीचं लेकरात उगवते."

रेवाचा खुळखुळा नेहमी कोमट असायचा. केतकीने त्याचा दोष उन्हाळ्याला दिला होता. पंखा बंद असतानाही पाळण्यावरच्या कापडी चिमण्या फिरायच्या. आणि कूलर. आणि शाल.

फोन उचलायला हेमराजला वेळ लागला. आवाज जड येत होता. "मजेत आहे तुझी लेक. चिमण्या बघ कशा गरागरा... मलाच जरा झोप येतेय."

"झोपू नकोस! तिला पाळण्यात ठेव आणि बाहेर जा. रस्त्यापलीकडे, उन्हात."

"खुळी झालीस? लेकराला एकटं टाकून?"

"हेमराज, तुला माझी शपथ."

"खाली ठेवलं की रडते गं ती."

"रडू दे," केतकी म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

उन्हं कलली, तेव्हा दरीतल्या वस्तीकडे निघालेली जीप घराच्या दारात उभी होती. आत द्वारकाबाई. हेमराज रस्त्यापलीकडे, शाल लपेटून. फोनवर सगळं ऐकल्यापासून त्याने रस्ता ओलांडला नव्हता.

"कधी आवरता येईल तिला?" तो ओरडून म्हणाला.

"शाळेच्या वयाची झाली की," द्वारकाबाईंनी सांगितलं.

त्याने मान हलवली. मग हसायचा प्रयत्न केला. "केतकी, तिला सांग, बाबा कूलर लावून बसलाय म्हणावं."

तेवढ्यात रेवाला तो दिसला. केतकीच्या कडेवरून तिने दोन्ही हात पसरले आणि खळखळून हसली. अंगणात पडलेल्या गुलमोहराच्या पाकळ्या भिरभिरत वर उठल्या.

पलीकडे हेमराजने शाल घट्ट ओढून घेतली.

केतकीने रेवाच्या डोळ्यांवर आपली ओढणी धरली, आणि ती जीपमध्ये चढली.