नमुना कुणाचा

नुसत्या डोळ्यांनी

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला, आणि हातामागून तो. अंगातल्या ॲप्रनच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. मी कापडी पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात.

"डबा का?"

"…हो."

"घरचा?"

"घरचाच." खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही.

"मग अर्धा माझा. होस्टेलवाल्याला दोन घास दिले की पुण्य लागतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"होस्टेलवाले."

मी हसले. हसायला नको होतं. त्याच्या एका भुवईत बारीकशी फट होती, लहानपणी कुठेतरी आपटल्यासारखी, आणि माझी नजर तिथेच जाऊन अडकत होती.

"इतकं जपून धरलंय म्हणजे काहीतरी खास असणार," तो म्हणाला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण लिफ्टमध्ये धरणी कुठली.

पिशवीत डबा नव्हता. डबी होती. आज आमच्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जंतांचं प्रॅक्टिकल, आणि प्रत्येकाने आपापल्या संडासाचा नमुना आणायचा होता, चमचाभर. सकाळी आई बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाली होती, "डॉक्टर नाही झालीस ते राहू दे. पण शिकायला दुसरं काहीच मिळालं नाही का गं?"

"आई, तू जा ना."

दहाच्या भिंगातून

तो आमच्याच वर्गात निघाला. माझ्याच टेबलावर, शेजारच्या स्टुलावर. दुसऱ्या कॉलेजातून आलेला, एक वर्ष आधीच वाया घालवून. त्याला आजचं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने डबीही आणली नव्हती.

आमच्या मॅडमना आम्ही स्पिरिटबाई म्हणतो. दाराची कडीसुद्धा त्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्याशिवाय धरत नाहीत. त्यांनी सगळ्या डब्या एका ट्रेमध्ये उलटसुलट केल्या. प्रत्येकाने दुसऱ्याची उचलायची आणि तपासायची. थट्टा नको, म्हणून डबीवर नाव घालायचं नव्हतं, फक्त आकडा. हे काल शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. त्या पाच मिनिटांत मी बस गाठायला पळाले होते.

आणि पहिल्या वर्षी तर घोकून घेतलं होतं ना… नावाशिवाय नमुना घ्यायचा नाही. म्हणून मी निळ्या मार्करने झाकणावर लिहिलं होतं. पूर्ण नाव, वय, तारीख, वेळ. सुवाच्य अक्षरात. मधे वडिलांचं नाव. त्यांनाही ओढलं मी यात.

ट्रे आमच्यापर्यंत आला तेव्हा एकच डबी उरली होती, पालथी पडलेली.

त्याने झाकण वाचलं. माझ्या छातीवरचं ओळखपत्र वाचलं. मग खाली ठेवलेली ती कापडी पिशवी पाहिली.

"अर्धा माझा म्हणालो होतो," तो अगदी हळू म्हणाला. "सगळाच मिळाला."

"बोलू नकोस."

"अक्षर छान आहे."

"पाया पडते, बोलू नकोस."

चाळीसच्या भिंगातून

त्याने काडीने कणभर नमुना घेतला, काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवला, वर पातळ काच ठेवली. बोटं सफाईदार होती. मी दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होते. सूक्ष्मदर्शकाचं दहापटीचं भिंग फिरवून त्याने चाळीसपटीचं लावलं, आणि बघत राहिला, बघत राहिला…

"काय?"

"काही नाही."

"सांग ना."

"अंडं."

"कसलं?"

"जंताचं."

मागे स्पिरिटबाई उभ्या होत्या. "कुठाय? सरक बघू." आणि मग, लग्न ठरल्यासारख्या आवाजात, "ताजं आहे रे. किती वर्षांनी. या, सगळ्यांनी रांगेत या."

सगळा वर्ग रांगेत आला. माझी मैत्रीण म्हणाली, "कसलं गोड गं. कडेला भरतकाम केल्यासारखं." मीही रांगेत उभी राहिले, न राहून चालणार नव्हतं. भिंगाला डोळा लावला.

रंग: तांबूस सोनेरी.
कडा: खडबडीत.
बघणारीचे कान: लाल.
शेरा: सुंदरच होतं, मेलं.

"डबी कुणाची?" मॅडमनी विचारलं. "त्याला आजच गोळी सुरू करायची. घरच्यांनाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातात स्पिरिटचा बोळा होता, निळा झालेला. झाकण कोरं.

"पुसलं गेलं, मॅडम. चुकून."

भिंग बाजूला

"चुकून?" मॅडमचा आवाज एकदम उतरला. "अरे, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर गेलं तर औषध कुणाला देशील? आजचं शून्य. आणि या वर्षीही नापास झालास तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"बरं, मॅडम."

बरं म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

आता एका लाजेच्या दोन झाल्या. पहिली पोटातली, तिच्यावर गोळी आहे. दुसरी —

"काय एकेक येतात," मॅडम म्हणाल्या. "शेवटचं विचारते. हा नमुना कुणाचा?"

त्यांचं बोट डबीकडे असावं. पण डबी त्याच्या हातात होती.

मी उठले. स्टूल मागे आपटलं.

"माझा."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "डबी, की पोरगा?"

वर्ग फुटला. टेबलं बडवली गेली. मॅडमनी ओठ आत दाबले आणि वहीतलं शून्य खोडलं. "डबीची गोळी संध्याकाळी घेऊन जा. दुसऱ्या नमुन्यावर माझ्याकडे औषध नाही."

मी बसले. मान वर होईना. टेबलाखाली रबरी हातमोजा ताणून निघाल्याचा आवाज आला, आणि मग त्याचा हात — उघडा, पावडरीने पांढरा — माझ्या हाताशेजारी येऊन थांबला. धरला नाही. नुसता थांबला.

"वेडी आहेस का? मी निभावलं असतं," तो पुटपुटला. "आता वर्षभर चिडवतील."

"चिडवू देत."

"लाज वाटतेय?"

मी करंगळी जरा सरकवली.

"वाटत होती," मी म्हटलं. "आता लाजतेय."