दहा ते बाराचा पहारा

“ही सही कुणाची हाय?”

आप्पांनी विचारलं ते अगदी हळू आवाजात. पण वनमालेच्या तळहातावरची भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी परातीतच दुमडली. आप्पांच्या हातात कागद होता. कॉलेजच्या क्लार्कनं तेलगावच्या बाजारात गाठून, मोठ्या कौतुकानं त्यांना दिलेली झेरॉक्स! ‘माझी कन्या मोहिनी हिने चालू महाविद्यालय सोडून पुण्याच्या विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्यास माझी संमती आहे...’ आणि खाली आधी ‘रामकृष्ण हरी’, मग सही. आप्पांची रीतच ती. बँकेची स्लिप असो की रेशनचा फॉर्म, आधी देवाचं नाव लिहायचं आणि मग आपलं.

पण ही सही आप्पांनी केलेली नव्हती!

दाराशी उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मोहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे ओठ उघडले... आणि त्या एका क्षणात वनमालेच्या डोळ्यांपुढून दहा वर्षं सरकून गेली. ती सून म्हणून या घरात आली तेव्हा सासूच्या फोटोला हार होता, आणि नऊ वर्षांची ही नणंद वेणी घालून घ्यायला शेजारच्या घरी जात होती. त्या दिवसापासून तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, तिचं न्हातंधुतं होणं, सगळं वनमालेनं पदरात घेतलं. नणंद म्हणायची ती लोकांसाठी; काळजातलं नातं वेगळंच होतं. आणि आप्पा? त्यांचा तर श्वास होती ही पोर! ‘माझी मोहिनी मेली तरी खोटं बोलायची न्हाई,’ असं ते चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत. सुनेवरचा राग हे घर सोसेल, वनमालेच्या मनात आलं, मी काय, बाहेरून आलेली... पण पोटच्या लेकीनं आपलं नाव चोरलं हे कळलं, तर म्हातारा आतून ढासळेल!

“मी केली, आप्पा,” ती म्हणाली.

“वैनी!” मोहिनी किंचाळलीच.

“तू गप गं! ...आप्पा, तारीख निघून चालली हुती. तुमी दोनदा नको म्हनलात. मलाच ऱ्हावलं न्हाई.”

आप्पांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं...

“अर्ज मी मागं घ्यायला लावणार न्हाई,” ते म्हणाले. “आख्ख्या राज्यातून चार पोरं घ्यायची हायत म्हनं, हिला कोन घेतंय! पर वनमाला... माझं नाव मागितलं असतंस, तर येखाद वक्ती दिलंबी असतं. तू देवाच्या नावाआडून चोरलंस गं...”

बस्. त्या दिवसापासून आप्पा तिच्याशी बोलले नाहीत. ती पाण्याचा तांब्या भरून समोर ठेवी. तो तसाच राही, आणि आप्पा उठून स्वतः माठातलं पाणी घेत. साखर कारखान्यावर कामाला असलेला तिचा नवरा सोमेश्वर फोनवर कडाडला, “तुला काई अक्कल हाय का? कावून केलंस असं?” त्यालाही ती खरं सांगू शकली नाही. आणि मोहिनी... ती रोज रात्री उशीत तोंड खुपसून म्हणे, “वैनी, मी उद्या सांगते आप्पाला.”

“माझी आन हाय तुला! अर्ज पार पडू दे. मग दोघी मिळून सांगू, पाया पडून सांगू.”

मोहिनीचा तरी काय दोष होता? तिला गणित शिकायचं होतं. तहानलेल्याला पाणी हवं असतं तसं! इथल्या कॉलेजात वर्षातले सहा महिने तो विषय शिकवायला माणूसच नव्हतं. आणि आप्पांचा तरी कुठे दोष होता? ‘आई न्हाई पोरीला. शहरात हिच्या डोळ्यांतलं पाणी कोन बघंल?’ एवढंच त्यांचं म्हणणं. ज्याच्या त्याच्या पोटात मायाच होती, आणि त्या मायेनंच घर दुभंगलं होतं!

श्रावण लागला. गावचा सप्ताह बसला. आता सप्ताह म्हणजे सात दिवस, सात रात्री वीणा अखंड उभी. ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही, गळ्यात घेऊन बसायचंही नाही! दोन दोन तासांचा एकेकाचा पहारा. पुढचा आला की वीणा त्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि मगच देवळाची पायरी उतरायची. वीणा गळ्यात आली की तो माणूस ना धाकटा, ना थोरला. देवाचाच होऊन जातो तो. दहा ते बाराचा पहारा आप्पांचा, गेली एकतीस वर्षं. आणि त्यांचा नेम असा कडक, की वीणा गळ्यात असताना नामाशिवाय दुसरा शब्द म्हणून तोंडातून काढायचे नाहीत. एकदा ऐन पहाऱ्यात पायाला विंचू डसला, तरी ‘आई गं’सुद्धा म्हणाले नव्हते!

आणि नेमका त्याच सप्ताहाच्या सहाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, मोहिनीची मुलाखत ठरली. मोबाइलच्या पडद्यावर.

रेंज येई ती फक्त पुढच्या खोलीत, खिडकीशी. खिडकीसमोर दहा पावलांवर देऊळ. आणि देवळाच्या शिखरावर, तोंड थेट या घराकडे करून, बांधलेला भोंगा! गेले पाच दिवस घरात एकमेकांशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं...

साडेदहाला वनमाला माईकवाल्या सटवाकडे गेली. “सटवा भाऊजी, अर्धा तास भोंगा बंद करा की. पोरीच्या जल्माचा सवाल हाय.”

सटवानं दोन्ही हात कानांना लावले. “वैनी, मागल्या साली लाईट गेलती पाच मिन्टं, तर आप्पांनी मला असं बघितलं की मला चार दिस जेवन गेलं न्हाई! त्यास्नी इच्यारा. ते म्हनले तर वायर दातानं तोडतो.”

आप्पांना विचारा... सोपं होतं का ते? वनमाला पदर सावरून सभामंडपात गेली. आप्पा डोळे मिटून उभे होते, बोट तारेवर, मुखी नाम. समोर टाळ घेऊन म्हाताऱ्या चंद्रभागाबाई डुलत होत्या. वनमालेनं आप्पांकडे नाही, वीणेकडे बघून हात जोडले.

“अकराला मोहिनीची मुलाकत हाय. भोंग्यात काईच ऐकू यायचं न्हाई. माझ्यावर राग धरा, जल्मभर धरा... पर तिला बोलू द्या.”

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. नाम चालूच राहिलं. ती जड पावलांनी घरी आली. मोहिनी खिडकीशी मोबाइल डब्याला टेकवून बसली होती. तिनं नुसतंच वर पाहिलं, आणि वहिनीचा चेहरा बघून मान खाली घातली. अकराला पाच कमी... तीन कमी...

आणि एकाएकी सगळं शांत झालं!

इतकं शांत की परसातल्या कोंबडीचं उकरणं ऐकू यावं. वनमाला दाराकडे धावली. देवळाच्या पायरीवर सटवा हातात पिन घेऊन, तोंडाचा आ करून उभा होता. “हातानं खूण केली! आप्पांनी!” तो कुजबुजला. आणि आतून, माईकशिवाय, त्या म्हाताऱ्या गळ्याचा खराखुरा, थोडा चिरका, थोडा थकलेला आवाज येत होता: “रामकृष्ण हरी... रामकृष्ण हरी...” बोलत नव्हता तो माणूस तिच्याशी, पण तिचं ऐकलं होतं! वनमालेनं पदर डोळ्यांना लावला.

पडद्यावर तिघं जण होते. मध्ये पिकल्या केसांच्या एक बाई.

“मराठीत बोल, मोहिनी. गणित तुला पहिल्यांदा कुठे आवडलं?”

“देवळात, मॅडम.” आधी आवाज कापला, मग लागला. “आमच्या सप्ताहात चौऱ्याऐंशी पहारे असतात अन् वीणेकरी एकोणीस. कुणाला पहाटे धारा काढायच्या असतात, कुणाचं शेत लांब, कुणाला लागोपाठ दोन रात्री उभं राहवत नाही. दर वर्षी भांडणं व्हायची. मी बारा वर्षांची असताना आप्पांनी वही माझ्यापुढं टाकली. तीन दिवस मांडलं, खोडलं, मांडलं... अन् बसलं! कुणावरच अन्याय न होता बसलं. मला रडू आलं, मॅडम. तवापासनं आवडतं.”

बाई पुढे वाकल्या. प्रश्न येत गेले, उत्तरं जात गेली. दाराआड वनमालेला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. पण पोरीच्या आवाजातला उजेड कळत होता!

“छान. वडिलांचं संमतीपत्र आहेच. म्हणजे घरच्यांचा पाठिंबा आहे तर?”

मोहिनीनं वळून दाराकडे पाहिलं. वनमालेनं मान डोलावून खुणावलं. हो म्हण, पोरी... नुसतं हो म्हण!

“मॅडम, ती सही वडिलांची नाही.” मोहिनीचा आवाज चढला, फुटला आणि उघड्या खिडकीतून बाहेर गेला. “ती मी केली. आप्पांचं बघून, देवाचं नाव लिहून मी खोटं केलं. अन् माझ्या वैनीनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. दोन महिने झाले, आप्पा तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, अन् ती एका शब्दानं बोलली नाही... असल्या पायावर उभं राहून मला तिकडं यायचं नाही, मॅडम. अर्ज रद्द करायचा तर करा.”

देवळातलं नाम एकदम अडखळलं. क्षणभर... आणि मग पुन्हा सुरू झालं. पण आता त्यात हुंदका होता!

पडद्यावरचे तिघे आपसात काही बोलले. बाईंचा चेहरा गंभीर होता. “सही खोटी, तर नियमानं अर्ज इथेच बाद होतो. पण तू स्वतः सांगितलंस... वडील घरात आहेत? आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकावं लागेल, आणि नवी सही आमच्यासमोर. दहा मिनिटं थांबू. त्यापुढे नाही.”

वनमाला अनवाणीच धावली. आप्पा जागच्या जागी उभे होते. डोळ्यांतल्या धारा पांढऱ्या मिशांतून वीणेच्या भोपळ्यावर ठिबकत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी! आणि धावत घरी जायला पाय मोकळे नव्हते. गळ्यात वीणा होती. पुढचा पहारेकरी तानाजी बाराशिवाय यायचा नव्हता.

“सटवा भाऊजी, तुमी तरी धरा!”

“वैनी, पाटंपासनं वायरी ओढतोय, आंगूळ न्हाई, अन् तोंडात तंबाकू!” सटवा रडकुंडीला आला. “मी तानाजीला शेतातनं आनतो, पर अर्धा तास तर जाईलच...”

तेव्हा एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. वीणा गळ्यात असताना आप्पांच्या तोंडून नामाव्यतिरिक्त शब्द निघाला.

“वनमाला.”

दोन महिन्यांनी ऐकलेलं स्वतःचं नाव!

“ये, माय. धर ही.”

“आप्पा... मी? बाईच्या गळ्यात...” या गावात कुण्या बाईनं वीणा धरलेली कुणी पाहिली नव्हती. मनाई कुठे लिहिलेली नव्हती, पण तशी वेळच आली नव्हती.

“दोन महिने माझ्या लेकीची अब्रू धरलीस, जिमिनीला टेकू दिली न्हाईस. वीणा काय त्याच्यापरीस जड हाय?”

त्यांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. आणि मग वाकले. तिनं झटकन पाय मागे घेतले. “नगा, आप्पा! मी सून हाय तुमची!”

“सून असशील घरात. हितं वीणेकरी हायस. रीत हाय ती.”

त्यांचं कपाळ तिच्या पावलांना लागलं. रीत क्षणाची असते. आप्पांचं डोकं तिथून लवकर उठलं नाही. पावलांवर ऊन ऊन थेंब पडले, आणि वनमालेच्या उरात दोन महिने साचलेलं सगळं दुःख त्या थेंबांबरोबर वाहून गेलं...

आप्पा गेले. वनमालेनं बोट तारेवर ठेवलं. एकच तार, एकच स्वर. “रामकृष्ण हरी...” चंद्रभागाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, हसल्या आणि टाळ धरला.

खिडकीतून आप्पांचा आवाज आला, अगदी देवळात बोलल्यासारखा खणखणीत: “मी हिचा बाप! सही माझी न्हवती, खरं हाय. पोर चुकली. पर जितं खरं सांगितल्यावर सगळं जानार हुतं, तितंच तिनं खरं सांगितलं. आता मला भ्या न्हाई, बाई. कुटंबी पाठवा हिला... हां, सही करतो. पर आधी देवाचं नाव ल्हितो मी. तुमच्यात चालतं का?”

पलीकडे कुणीतरी हसलं. “चालतं, आप्पा. अगदी चालतं.”

बाराला तानाजी आला आणि उंबऱ्यातच थबकला. “आरं तिच्या! आप्पा, ह्ये काय? बाईमानूस...”

“वीणा गळा बघती, तान्या. लुगडं बघत न्हाई,” मागून येत आप्पा म्हणाले. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी वनमालेच्या ओठांशी धरला. “पी. कोरड पडली आसंल. अन् घरी गेल्यावर मला दे. तुझ्या हातचं.”

ती हसली, रडली, प्यायली; बोट मात्र तारेवरून काढलं नाही.

“आप्पा, भोंगा चालू करू का आता?” सटवानं भीत भीत विचारलं.

“कर. लई मोठा कर. पार शिवारात जाऊ दे आवाज!”

अकराव्या दिवशी मेल आला. चार जणांच्या यादीत मोहिनीचं नाव चौथं होतं.

पुढच्या श्रावणात पहाऱ्यांची यादी पुण्याहून आली, मोबाइलवर. आप्पांनी चष्मा पुसून ती देवळात मोठ्यानं वाचली. या साली वीणेकरी वीस होते. आपलं नाव पहाटेच्या चारला बघून ते गालात हसले, आणि बोट सरकवत दहा ते बाराच्या घरावर थांबले. तिथे मोहिनीनं आधी देवाचं नाव लिहिलं होतं आणि त्याखाली: वनमाला.