सुरात लागलेली सारंगी

माझी मावसबहीण देवयानी खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. लहानपणी चोरून खाल्लेल्या लाडवाची कबुलीही ती कुणी न विचारता द्यायची. म्हणून तिने सांगितलं तसंच सांगतोय. पटलं तर घ्या.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. लखनौ. बाहेर दाट धुकं, आणि कैसरबागेजवळचा एक लहानसा हॉल.

देवयानी जानकीपुरममध्ये वाढली. तिचे वडील, म्हणजे माझे काका, तिथल्या औषध संशोधन संस्थेत होते. बँकेतली पक्की नोकरी सोडून ती अमोघच्या जॅझ फ्यूजन बँडमध्ये बेस गिटार वाजवायला लागली, तेव्हा घरात रणकंदन झालं. मावशी अजूनही तिच्याशी धड बोलत नव्हती.

त्या संध्याकाळचा बँडचा कार्यक्रम गाजला, तर दिल्लीच्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं येणार होतं. पडला, तर बँड मोडणार होता. मग घरी कुठल्या तोंडाने जायचं?

कार्यक्रम नब्बू खाँसाहेबांच्या संगीतावर होता. चौक या लखनौच्या जुन्या मोहल्ल्यातले सारंगीवादक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे एकही शिष्य उरला नव्हता.

अमोघने हौसेने त्यांची सारंगी मागून आणली. स्टेजवर खुर्चीत ठेवायची, वर झेंडूचा हार. खाँसाहेबांची मुलगी नुज़हत आपा दुपारी स्वतः ती छातीशी धरून आल्या.

"रख लो. बस, बजाना मत," त्या म्हणाल्या.

त्या पाणी प्यायला वळल्या, आणि देवयानीने सहज एका तारेवरून बोट फिरवलं...

सारंगी सुरात होती.

सगळ्या तारा. वर्षानुवर्षं खोळीत पडलेलं वाद्य. सारंगीचा सूर एका रात्रीत उतरतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

फक्त तिचा सूर बँडपेक्षा खाली होता.

"यार, इसी के सुर में मिला लेते हैं सब," अमोघ म्हणाला. "नीचे के तार अपने आप गूँजेंगे. कमाल हो जाएगा!"

सारंगीत मुख्य तारांखाली बऱ्याच बारीक तारा असतात. शेजारी तोच सूर वाजला, की त्या न छेडता गुणगुणतात. त्यात भूतबित काही नाही, शाळेतलं विज्ञान आहे.

आपांचा चेहरा उतरला.

"साज़ को अपने सुर में ले आओ, बेटा. ख़ुद उसके सुर में मत जाओ. अब्बू के सुर में जो एक बार बैठ गया, उसे वो उठने नहीं देते थे."

"आपा, अब डराइए मत," अमोघ हसला. एवढ्या खुंट्या पिळायला वेळ कुणाला होता? त्याने की-बोर्डचा सूर उतरवला. देवयानीने बेसच्या तारा सैल केल्या.

कार्यक्रम सुरू झाला.

बेस वाजला, की खुर्चीतली सारंगी हळूच गुणगुणायची. लोक खूश. देवयानीही खूश.

तिसरी बंदिश. तिचा एकटीचा भाग आला. तिने श्वास घेतला. अजून तारेला बोट लावलं नव्हतं...

सारंगी गुणगुणली.

तिने नेमका तोच स्वर वाजवला. तिचा इरादा दुसराच होता.

पुन्हा तेच. आधी सारंगी, मग ती. जे वाजत होतं ते तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. थांबावंसं वाटलं, पण हात थांबेना. घाबरायला हवं होतं. भीतीही वाटली नाही. डावा हात गार पडत गेला, आणि आतून सगळं बधीर झालं.

"वाह! हूबहू ख़ाँसाहब!" कुणी म्हातारा ओरडला. लोक उभे राहिले.

पहिल्या रांगेत नुज़हत आपा तेवढ्या बसून होत्या. तोंडाला पदर लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"बेटी, सारंगी के सारे तार ढीले पड़े हैं. अब्बू के जाने के बाद पहली बार..." त्या थांबल्या. "तुम्हारा हाथ कैसा है?"

देवयानीने हात उजेडात धरला.

बेस वाजवून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. तिचे नाहीसे झाले होते. टोकं लहान बाळाच्या बोटांसारखी मऊ होती. घट्टे होते, पण नखांच्या मुळाशी. काळे, जुने.

सारंगी तिथे वाजते. बोटाच्या टोकाने नाही, नखाच्या मुळाने.

दिल्लीचं बोलावणं आलं. मावशीने पेढे वाटले. देवयानीने बेस उचलून पाहिला. टोकांना तार लागलेलीच कळेना. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हात ठणठणीत आहे म्हणतात. बँडबरोबर बेस वाजवायला दिल्लीला दुसराच कुणी गेला.

मागच्या महिन्यात मी तिच्या निशातगंजच्या घरी गेलो होतो. ती खिडकीशी बसली होती. डावा हात छातीसमोर, रिकाम्या हवेत वरखाली सरकत होता.

"काय करतेस गं?"

"काही नाही रे. रियाज़." सपाट आवाजात. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

तिचा बेस कोपऱ्यात होता. पेटीत, पेटी बंद. तिची बोटं एका जागी थांबली...

आणि बंद पेटीतून बेसचा स्वर आला.

मी चहा न घेताच निघालो. तिने थांब म्हटलं नाही. मावशी रोज फोन करून विचारते, ती कशी दिसली? मी बरी आहे म्हणून सांगतो.