सोमेश्वरच्या खिशातली यादी

"मॅडम, दुपारी तीनच्या आत रक्त पायजे, न्हाईतर डाक्टर मिनाला हात लावणार न्हाईत."

थावरा मंजुषाच्या कार्यालयाच्या दारातच उभा राहून बोलत होता. खुर्चीवर बसायचंही त्याला सुचत नव्हतं. घड्याळात साडेदहा झाले होते. गोरेगावजवळच्या तांड्यावरच्या या माणसाला ओमप्रकाश पूर्वीपासून ओळखत होता. एसटीत कंडक्टर असताना त्यानं याला कितीदा तिकीट फाडून दिलं होतं. निवृत्तीनंतर ओमप्रकाश मंजुषाच्या या खासगी तपास कार्यालयात मदतनीस म्हणून आला. तिथं सगळ्यात उशिरा कळणारा माणूस आपणच, हे त्यानं केव्हाच मान्य केलं होतं.

मिना, म्हणजे थावराची बायको, बाळंतपणात अडली होती. तिचा रक्तगट 'बॉम्बे'. ओ गटाचं रक्तही तिला चालत नाही. असं रक्त देणाऱ्यांची यादी जिल्ह्यात एकाच माणसाकडे होती. तो म्हणजे प्रयोगशाळेतला सोमेश्वर, आणि आठ दिवसांपूर्वी तो हृदयविकारानं गेला होता. यादी त्याच्या खिशातल्या जुन्या डिजिटल डायरीत होती. तो कोसळला तेव्हा तिचा पडदा फुटला. आता कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय त्यातलं अक्षर दिसणार नव्हतं, आणि जोडणी होत नव्हती. कुणी मुद्दाम बिघडवली असेल, या संशयानं थावरा इथं आला होता.

"मिनाचं रक्त तपासायला कोणी घेतलं?" मंजुषानं विचारलं.

"दुसऱ्या पोरीनं. लॅबमदी रक्त काढनारे संतोषभाऊ होते, पन त्यांनी सुईला हात लावला न्हाई. म्हने, आताशा मी रजिस्टरचंच काम बघतो."

दहा मिनिटांत तिघं सोमेश्वरच्या घरी पोचले. संतोष आधीच येऊन बसला होता. सोमेश्वरची बायको नीलाबाई भिंतीला टेकून होती.

"डायरी कुठं होती इतके दिवस?"

"माझ्या पेटीत. त्यांच्या चष्म्यासंगं ठिवलती. आज सकाळी काढली."

"आणि हा कॉम्प्युटर?"

"इथंच, पुढल्या खोलीत. तिसऱ्या दिवशी मुन्नाभाऊजी राख सावडायला कयाधू नदीवर गेलते. मी मागं बायांत बसले होते. येनारं-जानारं संतोषभाऊच बघत होते."

सोमेश्वरचा धाकटा भाऊ मुन्ना फोटोच्या दुकानातून आला. त्याला तो कॉम्प्युटर दुकानासाठी हवा होता, हे नीलाबाईनं मघाशीच सांगितलं होतं. ओमप्रकाशनं मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून टाकला.

"सकाळी तूच जोडून पाहिलंस?" मंजुषानं मुन्नाला विचारलं.

"व्हय. तीनदा. 'जोडणी सापडत नाही' इतकंच येऊन राहिलं. मग बंद केला."

"यादी उघडून पाहिलीस?"

"न्हाई. जोडनीच न्हाई लागली तर काहून उघडू?"

मंजुषानं संतोषकडे पाहिलं. "तुम्हाला यातलं काही कळतं?"

"मी कधी बसलोच न्हाई त्याच्यासमोर." संतोषनं कपाळ पुसलं.

तिनं कॉम्प्युटर चालू केला. तो रखडत सुरू होत होता. थावरा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. अकरा वाजून पाच. डायरी ठेवायच्या स्टँडच्या पितळी टोकांवर काळा थर चढला होता. मंजुषानं खोडरबरानं ती टोकं घासून साफ केली आणि डायरी स्टँडवर ठेवली.

"लागलं पायजे आता," संतोष पुढे सरकला. "कॉम्प्युटरवर तर एक नाव उरलं न्हाई, डायरीतूनच आनावं लागंल. दाबतो मी स्टँडचं बटन."

मंजुषानं त्याचं मनगट धरलं. "हात मागं घ्या."

थावराच्या तोंडून हुंदका निघाला. "मॅडम, येळ कुटंय?"

"हे बटण आत्ता दाबलं असतं, तर मिनाची शेवटची आशा पुसली गेली असती."

तिनं सेटिंग उघडलं. तिथं 'कॉम्प्युटरची माहिती डायरीत भरा' असं निवडलेलं होतं. कॉम्प्युटरवरची यादी कोरी होती. शेवटचा बदल बारा तारखेला, सकाळी अकरा वीसला झाला होता.

"सोमेश्वर दहा तारखेला गेले, म्हणजे बारा हा तिसरा दिवस. मुन्ना नदीवर, नीलाबाई मागच्या खोलीत. या खोलीत तुम्ही होतात, संतोष. डायरी पेटीत, तिच्यापर्यंत तुमचा हात पोचेना. म्हणून इथली यादी पुसलीत आणि उलटं सेटिंग करून ठेवलंत. पुढं जो कुणी जोडेल, त्याच्याच हातानं डायरीही कोरी होणार होती. टोकं काळी पडली नसती, तर सकाळीच मुन्नाच्या हातून ते झालं असतं."

"पन माझंच नाव काहून?"

"मी अजून यादी उघडलीही नव्हती, तेव्हा तुम्ही म्हणालात, एक नाव उरलं नाही. मुन्नानंही ती उघडली नव्हती. रिकामी आहे हे फक्त रिकामी करणाऱ्यालाच ठाऊक." तिचा आवाज खाली आला. "आणि रक्त काढणारा माणूस सुई सोडतो, ते उगाच नाही. त्या यादीत तुमच्याबद्दल काहीतरी आहे."

संतोष स्टँडपासून मागं सरकला. "माझाबी गट तोच. मागल्या साली एका रुग्नाची सुई मला टोचली, 'बी' जातीची कावीळ निघाली. सोमेश्वरभाऊंनी कुनाला सांगितलं न्हाई, फक्त नोंद केली. माझं लगीन ठरलंय, हे कळलं तर मोडंल. यादी पुसली तेव्हा मिना कोन, मला ठावंबी नव्हतं."

"काल तर कळलं ना?" थावरा म्हणाला.



मंजुषानं सेटिंग उलटवून बटण दाबलं. पडद्यावर चार नावं उमटली. दोघं परगावी गेल्याची नोंद होती. तिसरा संतोष: 'रक्त घेऊ नये.' चौथा दगडोबा, डोंगरकडा.

तिकडं फोन त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं उचलला. "सोमेश्वरभाऊ बोलून राहिले का?"

फोनवर ओमप्रकाश होता. "त्यांच्या घरून बोलतोय. रक्त पायजे."

"हळदीच्या वावरात हायेत. धाडते."

दीड वाजून गेला. दोन झाले. थावरा दवाखान्याच्या फाटकावरून हलला नाही. सव्वादोनला जीप आली. पिवळ्या हातांचा, उंच, म्हातारा होत आलेला माणूस उतरला आणि काही न विचारता आत गेला. तपासण्या झाल्या. तीनला पाच कमी असताना मिनाला आत नेलं.

चारच्या सुमारास नर्स बाहेर आली. मिना वाचली होती, पोरगीही. थावरा फरशीवर बसला आणि तोंडावर पागोटं धरून रडला.

आत खाटेवर पडलेल्या दगडोबानं ओमप्रकाशला विचारलं, "सोमेश्वरभाऊ न्हाई आले? दर टायमाला शेजारी बसायचे."

ओमप्रकाशनं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसला.