भरलेली तिसरी

गोंडपिपरीच्या बाजारात सुक्या झिंग्यांच्या ढिगाआडून हाक आली.

"सिस्टर! जखम पाहून देता का?" आणि मोबाइल थेट माझ्या नाकासमोर.

"फोटोवरून जखमेची ग्रेड सांगत नाही मी. पेशंट दाखवा."

"घरी हाये. माय." तो हसला... डोळे मात्र हसले नाहीत.

दिनेश. तलावातली मासोळी विकणारा. खुबा मोडल्यापासून त्याची माय देवकाबाई खाटेवरच. माकडहाडावर पडून पडून झालेली जखम. कातडी गेलेली, आत पिवळी चरबी, हाड दिसत नव्हतं.

"तिसरी ग्रेड. चारांपैकी."

"म्हंजे पास का फेल?"

"चौथी असती तर हाड दिसलं असतं. पण आणखी एक जखम झाली, तर चंद्रपूरला भरती करावं लागेल."

"म्या घर सोडत नाई," डोळे न उघडता देवकाबाई म्हणाली. तेवढंच.

ड्रेसिंगला जात राहिले. दिनेशला शिकवलं— आपल्या सावळ्या कातडीवर पहिल्या ग्रेडची लाली दिसत नाही. हातानं शोधायची. गरम लागते... टणक लागते.

"अशी?" त्याची बोटं माझ्या बोटांशेजारी येऊन थांबली. जरा जास्तच.

"पेशंट तिकडे आहे."

"पाहून राह्यलो ना, सिस्टर."

"कोनाले?" खाटेवरून प्रश्न.

मग एका सकाळी फोन.

"टाच गरम हाये! कातडी शाबूत. पहिली!"

मी गाडी दामटत गेले. दाबून पाहिलं. खरंच पहिली! आणि त्यानं आधीच पोटरीखाली सावरीच्या कापसाची उशी देऊन टाच अधांतरी ठेवली होती. काही दिवसांत ती निवली. चंद्रपूर टळलं.

शाबास म्हणायचं होतं. वहीत 'टाच बरी' एवढंच लिहिलं.

पाठीची जखमही भरत आली... भरली.

"आता दुसरी लिहा. मंग पहिली."

"ग्रेड अशी उतरत नाही. 'भरलेली तिसरी' लिहायचं."

"एवढी भरली तरी तिसरीच?"

"तुम्ही किती खोलातून वर आणली, ते लपवायचं काऊन?"

त्याची छाती फुगली. आणि एकदम—

"मंग आता तुमी येनार नाई."

मी ड्रेसिंगचा डबा बंद केला. उघडला. बंद केला.

"ड्रेसिंगला नाही. तुमच्यासाठी... येऊ का?"

तो उरलेली पट्टी गुंडाळत बसला. खाट करकरली. देवकाबाईनं आज पहिल्यांदा, कोणाचा हात न धरता, कूस बदलली— आमच्याकडं.

"काऊन थांबला बे? हो म्हन ना!"

"हो," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

"हो!"

तलावावरचे बगळे उडाले असतील.